इलेक्ट्रिक गाडीवरचा घरगुती बॅकअप बंद पडला तर : खानदेशातील नवख्या ग्राहकासाठी कायदेशीर वाटा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो आणि नेमक्या त्याच दिवसांत वळवाच्या वादळाने खांब आडवे होऊन वीज रात्रभर येत नाही. दारात उभ्या असलेल्या इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीवर अशा रात्री पंखे, फ्रिज आणि पाण्याची मोटर चालेल, या भरवशावर गाडीसाठी चार पैसे जास्त मोजणारे ग्राहक आता तालुक्याच्या गावांतही भेटतात. ही यंत्रणा ऐन वेळी सुरूच झाली नाही, मध्येच बंद पडली किंवा तिच्यामुळे घरातली उपकरणे जळाली, आणि ग्राहक आयोगाची पायरी आजवर कधी चढावी लागली नाही, अशा वाचकासाठी हे मार्गदर्शन आहे. अशा प्रकरणाचा निकाल बिघाडानंतरच्या पहिल्या पंधरवड्यातच बराचसा ठरून गेलेला असतो, असे माझे मत आहे. म्हणून त्या पंधरवड्यात काय करावे यावर येथे अधिक भर दिला आहे.

आपल्याला नेमके काय विकले, ते आधी पाहावे

‘गाडीवर घर चालते’ या एकाच वाक्याखाली बाजारात निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात आणि प्रत्येकीची जबाबदारी वेगळ्या माणसावर येते. सर्वांत सामान्य प्रकार म्हणजे व्ही-टू-एल : गाडीच्या चार्जिंग पोर्टला अ‍ॅडॉप्टर लावला की एक साधे सॉकेट मिळते आणि त्यातून साधारण तीन किलोवॅटपर्यंत वीज घेता येते. दुसरा प्रकार त्या सॉकेटची वीज चेंजओव्हर स्विचमधून (घराला महावितरणची वीज द्यायची की गाडीची, हे बदलणारा स्विच) घराच्या वायरिंगला जोडण्याचा; येथे गाडी कंपनीची असली तरी जोडणी स्थानिक इलेक्ट्रिशियनची असते आणि बहुतेक वाद याच सांध्यावर उभे राहतात. तिसरा प्रकार जुन्या गाडीच्या लिथियम बॅटरीपासून तयार केलेल्या इन्व्हर्टरचा. तो एखाद्या वर्कशॉपमध्ये जुळवून दिला जातो आणि पुष्कळदा त्याचे बिलही नसते.

छतावर सौर पॅनेल असलेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. साधी ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या तारांना जोडलेली, यंत्रणा महावितरणचा पुरवठा गेला की स्वतःहून बंद होते, कारण तसे झाले नाही तर तारेवर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव जाईल. भर दुपारी, कडक उन्हात, गाडीचे चार्जिंग आणि घर दोन्ही थांबले तर तो यंत्राचा दोष नव्हे. मात्र वीज गेल्यावरही सोलर चालेल असे सांगून ती यंत्रणा विकली असेल, तर ग्राहकाची तक्रार यंत्राबद्दल न राहता त्या सांगण्याबद्दल होते.

हा फरक कायद्यातही आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये वस्तूतील दोष, सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापार प्रथा असे तीन वेगळे आधार दिले आहेत. तीन किलोवॅटच्या सॉकेटवर दीड टनाचा एसी चालू असतानाच एक अश्वशक्तीची मोटर सुरू केली, तर मोटर चालू होण्याच्या क्षणी नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते आणि गाडी वीज तोडते. गाडीने स्वतःचे रक्षण केले, त्यात दोष काही नाही. परंतु विक्रेत्याने ‘एसी, मोटर, सगळे एकदम चालेल’ असे सांगितले असेल, तर ती कलम २(४७) खालील अनुचित व्यापार प्रथा ठरू शकते, आणि हे कलम लेखी विधानाइतकेच तोंडी विधानालाही लागू होते. शोरूममध्ये अहिराणीत गप्पा मारता मारता दिलेला शब्दही त्यात मोडतो. अडचण येते ती तो सिद्ध करण्याची. त्यावर साधा उपाय असा की बिघाड झाल्यावर लगेच, संबंध बिघडण्याआधी, त्याच विक्रेत्याला मोबाइलवर संदेश पाठवून ‘आपण गाडी देताना एसी आणि मोटर दोन्ही चालतील असे सांगितले होते, परंतु काल तसे झाले नाही, काय करावे?’ असे विचारावे. ‘सांगितले होते, पण लोड जास्त झाला असेल’ असे उत्तर आले, तर अर्धे काम तेथेच झाले.

पहिले आठ दिवस : नोंद, फोटो, जॉबकार्ड

यंत्रणा बंद पडली की प्रथम ती पुन्हा पुन्हा सुरू करून पाहण्याचा मोह आवरावा. गाडीच्या पडद्यावर आलेला इशारा, बॅटरीची टक्केवारी, मीटरपेटीतील कोणता स्विच पडला आहे आणि अ‍ॅडॉप्टर किंवा चेंजओव्हरवर काळपट डाग आहे का, यांचे फोटो तारीख-वेळ दिसेल अशा रीतीने काढून ठेवावेत. त्यानंतर एका वहीत नोंद लिहावी. ती अशी असली म्हणजे पुरे :

‘सायंकाळी ७.४० वा. महावितरणचा पुरवठा गेला. ७.५० वा. गाडीला अ‍ॅडॉप्टर लावला, बॅटरी ६८ टक्के. चालू उपकरणे : दोन पंखे, फ्रिज, चार दिवे. ८.२५ वा. पुरवठा बंद, पडद्यावर चार्जिंग पोर्टचा इशारा. अ‍ॅडॉप्टर हाताला गरम. पुन्हा लावला, चालू झाला नाही. ९.१० वा. डीलरच्या सर्व्हिस सेंटरला फोन, तक्रार क्रमांक मिळाला.’

या नोंदीत कोणती उपकरणे चालू होती हा तपशील सर्वांत मोलाचा आहे, कारण समोरचा पक्ष आयोगात सर्वप्रथम ‘ग्राहकाने क्षमतेपेक्षा जास्त भार टाकला’ हाच बचाव घेतो. तक्रार करण्यापूर्वी पुस्तिकेतील दोन गोष्टीही तपासाव्यात. बॅटरी ठरावीक टक्क्यांखाली गेल्यावर बाहेर वीज देणे थांबावे अशी मर्यादा बहुतेक गाड्यांत असते, आणि तापमान फार वाढले की गाडी आपली क्षमता आपोआप कमी करते. दुसऱ्या मर्यादेबद्दल मात्र ग्राहकाने लगेच माघार घेऊ नये. उन्हाळ्यातील खंडित विजेसाठीच ही सोय हवी आहे असे विक्रेत्याला सांगून गाडी घेतली असेल, तर वस्तू सांगितलेल्या उपयोगासाठी योग्य असली पाहिजे ही वस्तुविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ मधील गर्भित (न लिहिताही लागू असणारी) अट पुढे करता येते. खानदेशात विकलेल्या वस्तूने खानदेशचा उन्हाळा सोसला पाहिजे, हा युक्तिवाद मला तरी रास्त वाटतो.

नंतर गाडी सर्व्हिस सेंटरला न्यावी, आणि येथे नवखा ग्राहक हमखास फसतो. जॉबकार्डवर (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदपत्रावर) ‘व्ही-टू-एल चेक करणे’ एवढेच लिहिले जाते, दोन दिवसांनी ‘तपासले, दोष आढळला नाही’ असा शेरा मारून गाडी परत मिळते आणि ग्राहक खाली समाधान झाल्याची सही करतो. ही सही पुढे कंपनीने आयोगात दिलेल्या प्रत्येक लेखी म्हणण्याला जोडलेली दिसते. जॉबकार्डवर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी. जागा अपुरी असेल तर वेगळा कागद देऊन पोच घ्यावी. आणि गाडी परत घेताना सहीजवळ ‘तक्रार कायम आहे, प्रत्यक्ष भार लावून दाखवलेला नाही’ असे स्वतःच्या अक्षरात लिहावे. ‘पुढच्या सॉफ्टवेअर अपडेटमध्ये ठीक होईल’ असे सांगितले गेल्यास तेच ईमेलवर लेखी मागावे.

घराच्या वायरिंगची तपासणी स्वतंत्रपणे परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून त्याच्या लेटरहेडवर अहवाल घ्यावा. ज्याने जोडणी केली त्याच्याकडूनच तपासणी करून घेण्यात अर्थ नाही. गाडीतून येणाऱ्या विजेला पुष्कळदा घराच्या अर्थिंगचा आधार नसतो, त्यामुळे ईएलसीबी (वीजगळती झाल्यास पुरवठा तोडणारी पेटी) कधी विनाकारण पडते, तर कधी पडायला हवी तेव्हा पडत नाही. हा दोष गाडीचा की जोडणीचा, हे अहवालात स्पष्ट आले पाहिजे.

एका धोक्याकडे येथे लक्ष वेधणे भाग आहे. दोन्ही टोकांना प्लग लावलेली वायर गाडीच्या सॉकेटमधून घरातल्या सॉकेटात खोचून घर चालवण्याची युक्ती काही ठिकाणी केली जाते. मेन स्विच बंद करायचा राहिला, तर ती वीज उलटी महावितरणच्या तारेवर जाते आणि खांबावरच्या माणसाचा बळी घेऊ शकते. कायद्याच्या दृष्टीनेही ग्राहकाची बाजू तेथे कोसळते, कारण वस्तूचा गैरवापर झाला किंवा तिच्यात फेरफार केला गेला असेल, तर ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ८७ प्रमाणे विक्रेत्याविरुद्ध उत्पादन दायित्वाचा (सदोष वस्तूने केलेल्या इजा-नुकसानीच्या भरपाईचा) दावा टिकत नाही. अशी जोडणी असेल तर ती आजच काढावी.

दुसरा आठवडा : लेखी तक्रार आणि नोटीस

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आधी वापरून पाहावा. तेथून कंपनीकडे तक्रार जाते आणि मोठ्या कंपन्या तिला अनेकदा उत्तर देतात. मात्र हेल्पलाइनला निकाल देण्याचा अधिकार नाही आणि तेथे तक्रार केल्याने मुदतीचे घड्याळ थांबत नाही. आयोगात जाण्यासाठी कलम ६९ प्रमाणे वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. दुरुस्तीच्या आश्वासनांवर ती संपू देऊ नये. उशिराचे समाधानकारक कारण दिल्यास आयोग तो माफ करू शकतो, पण त्या दयेवर विसंबणे शहाणपणाचे नाही.

नोटीस वकिलामार्फतच पाठवावी असे बंधन नाही. उत्पादक कंपनी, डीलर, अ‍ॅडॉप्टर किंवा इन्व्हर्टर विकणारा आणि जोडणी करणारा ठेकेदार या सर्वांना एकच नोटीस पोचपावतीसह डाकेने आणि ईमेलने पाठवावी. दोष कोणाचा हे अजून ठरलेले नसताना एकालाच धरले, तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि दुसरा प्रकरणात पक्षकारच नसतो. मजकूर साधा असावा :

‘मी दि. … रोजी आपल्याकडून वरील गाडी व व्ही-टू-एल अ‍ॅडॉप्टर रु. … इतक्या किमतीस खरेदी केला. वीज गेल्यास घरातील दिवे, पंखे, फ्रिज व अर्ध्या अश्वशक्तीची मोटर त्यावर चालेल असे आपल्या प्रतिनिधीने मला सांगितले व माहितीपत्रकात पान … वर तसे छापले आहे. दि. … पासून यंत्रणा चालत नाही. दि. … व दि. … रोजीच्या जॉबकार्डाच्या प्रती सोबत आहेत. ही नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत दोष विनामूल्य दूर करावा, अन्यथा अ‍ॅडॉप्टर बदलून द्यावा अथवा त्याची किंमत परत करावी. गाडीतील बिघाडाच्या नोंदी व काढून घेतलेले भाग नष्ट करू नयेत.’

शेवटचे वाक्य गाळू नये. गाडीच्या संगणकातील नोंदी कंपनीच्याच हाती असतात. त्या जपून ठेवण्याची लेखी मागणी केलेली असेल, तर नंतर ‘नोंदी उपलब्ध नाहीत’ हे उत्तर आयोगाला सहज पटत नाही.

वॉरंटीची पुस्तिकाही याच वेळी नीट वाचावी. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर असल्याची जाहिरात अनेक कंपन्या करतात, पण अ‍ॅडॉप्टर हे त्यांच्या हिशेबी अ‍ॅक्सेसरी असते आणि त्याची मुदत पुष्कळच कमी असू शकते. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये एका मोटारीच्या प्रकरणात, सदोष भाग बदलून प्रश्न सुटत असेल तर संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नाही, अशी भूमिका घेतली आहे. म्हणून पंधरा लाखांची गाडी परत घ्या असा आग्रह धरण्याऐवजी भाग बदलून मिळावा, यंत्रणा चालू करून मिळावी आणि झालेल्या त्रासाची भरपाई मिळावी, अशी उतरत्या क्रमाने मागणी केली तर यश मिळण्याचा संभव अधिक असतो.

ज्याच्याकडे बिलच नाही, त्यानेही हातपाय गाळू नयेत. बिल न देणे ही स्वतःच अनुचित व्यापार प्रथा आहे. यूपीआयने दिलेले पैसे, मोबाइलवरील संदेश, बसवतानाचे फोटो आणि शेजाऱ्याचे प्रतिज्ञापत्र यांवरून व्यवहार सिद्ध करता येतो.

ग्राहक आयोगात तक्रार

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहेत. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला दिलेली सर्वांत मोठी सोय म्हणजे तो जेथे राहतो किंवा काम करतो तेथील आयोगात त्याला तक्रार करता येते. शहाद्याचा किंवा नवापूरचा ग्राहक सुरतच्या शोरूममधून अ‍ॅडॉप्टर किंवा इन्व्हर्टर घेऊन आला असेल, तरी तक्रार नंदुरबारलाच चालेल; बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात दुसऱ्या शहराच्या न्यायालयाचा उल्लेख असला तरी त्याने घाबरून जाऊ नये. वाद लवादाकडेच न्यावा असे करारातील कलम दाखवून आयोगाचा रस्ता बंद करता येत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल, तर प्रकरण जिल्हा आयोगात चालते आणि घरगुती ग्राहकाचे जवळजवळ प्रत्येक प्रकरण या मर्यादेत बसते. पाच लाखांपर्यंत फी नाही. त्यापुढे दहा लाखांपर्यंत २०० रुपये, वीस लाखांपर्यंत ४०० रुपये आणि पन्नास लाखांपर्यंत १,००० रुपये फी आहे. ही आकारणी मागितलेल्या भरपाईवर होत नसून ज्या वस्तूबद्दल तक्रार आहे तिच्या दिलेल्या किमतीवर होते. वाद केवळ वेगळ्या बिलाने घेतलेल्या अ‍ॅडॉप्टरचा आणि जोडणीचा असेल, तर फी शून्य राहते.

तक्रार ई-जागृती पोर्टलवरून दाखल करता येते आणि वकील लावणे बंधनकारक नाही. तक्रारीत घटनाक्रम, प्रत्येक पक्षाची भूमिका, मागणी आणि मुदतीत असल्याचे विधान असावे. सोबत प्रतिज्ञापत्र, बिल, माहितीपत्रक, जॉबकार्ड, ठेकेदाराचा अहवाल, नोटीस आणि पोचपावत्या जोडाव्यात. मोबाइलवरील संदेश आणि व्हिडिओ जोडताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणेचे प्रमाणपत्र सोबत द्यावे. आयोग पुराव्याच्या नियमांबाबत दिवाणी न्यायालयाइतका काटेकोर नसला, तरी ती हरकत आधीच मिटवलेली बरी. मूळ मोबाइल विकू नये, बदलू नये.

तक्रार दाखल करून घ्यायची की नाही हे साधारणपणे एकवीस दिवसांत ठरते. नोटीस मिळाल्यावर विरुद्ध पक्षाला लेखी म्हणणे देण्यासाठी तीस दिवस आणि फार तर आणखी पंधरा दिवस मिळतात. या पंचेचाळीस दिवसांपलीकडे मुदत वाढवण्याचा आयोगाला अधिकार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवले आहे. कंपनीचा वकील तारखांवर तारखा मागू लागला, तर या निकालाकडे आयोगाचे लक्ष वेधावे.

या टप्प्यावर दोन अर्ज आवर्जून विचारात घ्यावेत. एक अंतरिम आदेशाचा : कलम ३८(८) खाली, सदोष भाग आणि गाडीतील नोंदी निकालापर्यंत जशाच्या तशा ठेवाव्यात अशी मागणी करता येते. दुसरा तपासणीचा. दोष नुसत्या डोळ्यांनी दिसणारा नसेल, तर वस्तूचा नमुना सीलबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवण्याची तरतूद कलम ३८ मध्येच आहे. त्याचा खर्च सुरुवातीला तक्रारदाराला भरावा लागतो आणि तो पाहून पुष्कळजण अर्ज करीत नाहीत. उत्पादनातील दोष सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदारावर असते, त्यामुळे बॅटरी किंवा चार्जिंग पोर्टच्या आतील दोषाबद्दल तज्ज्ञाच्या अहवालाशिवाय तक्रार लढवणे म्हणजे निकाल समोरच्याच्या हातात देणे होय. जोडणीतील चूक किंवा खोटे आश्वासन एवढाच वाद असेल, तर मात्र प्रयोगशाळेची गरज सहसा पडत नाही.

कायद्याप्रमाणे तक्रार तीन महिन्यांत, आणि तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाली निघावी. प्रत्यक्षात अधिक काळ लागतो हे गृहीत धरूनच चालावे. मध्येच मध्यस्थीचा प्रस्ताव आला तर तो ऐकून घ्यावा. अ‍ॅडॉप्टर बदलून आणि वॉरंटी वाढवून मिळत असेल, तर तो सौदा बहुधा वाईट नसतो. तडजोड लेखी आणि मुदतीसह असावी.

आग लागली किंवा उपकरणे जळाली तर

येथे कायद्याचा वेगळा भाग लागू होतो. सदोष वस्तूमुळे माणसाला इजा झाली किंवा इतर मालमत्तेचे नुकसान झाले, तर कलम ८२ ते ८७ मधील उत्पादन दायित्वाखाली उत्पादक, सेवा देणारा आणि विक्रेता यांच्याकडे भरपाई मागता येते. जळालेला फ्रिज, भिंत, जखमी माणूस हे सारे त्यात येते. खुद्द सदोष वस्तूची किंमत मात्र या भागाखाली मिळत नाही, ती वस्तूतील दोषाच्या आधारावर मागावी लागते. म्हणून तक्रारीत दोन्ही आधार स्वतंत्रपणे मांडावेत.

आगीनंतर जागा लगेच साफ करू नये. पोलीस ठाण्यात खबर, पालिकेच्या अग्निशमन विभागाचा दाखला आणि गावात असल्यास तलाठ्याचा पंचनामा, हे तिन्ही कागद गोळा करावेत. विजेच्या अपघाताची चौकशी विद्युत निरीक्षक विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १६१ खाली करतो; त्याच्या अहवालाला मोठे वजन असते, म्हणून त्याला लेखी कळवावे. लिथियम बॅटरी विझल्यावरही पुन्हा पेट घेऊ शकते, त्यामुळे गाडी घरापासून दूर मोकळ्या जागेत ठेवावी, पण विमा कंपनीला कळवल्याशिवाय आणि फोटो काढल्याशिवाय ती हलवू नये.

विम्याचा दावा गाडीच्या कंपनीविरुद्धच्या तक्रारीच्या निकालाची वाट न पाहता लगेच करावा. दावा नाकारल्याबद्दल केलेली लेखी तक्रार विमा कंपनीने फेटाळली, किंवा महिनाभरात उत्तर दिले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते आणि तेथे फी लागत नाही. गाडीच्या कर्जाचे हप्ते मात्र चालू ठेवावेत. बिघाडाच्या रागाने हप्ते थांबवणाऱ्याची अडचण दुप्पट होते.

उपकरणे गाडीमुळे न जळता महावितरणच्या बाजूने न्यूट्रल तुटून दाब वाढल्यामुळे जळाली असतील, तर वाट निराळी आहे. १९१२ वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्यावा, त्याच फीडरवरील शेजाऱ्यांची उपकरणेही जळाली का याची चौकशी करून त्यांच्या सह्यांचे निवेदन उपविभागीय कार्यालयात द्यावे, आणि दाद न मिळाल्यास विद्युत अधिनियमाच्या कलम ४२ खालील ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे दोन वर्षांच्या आत जावे. त्याच्या आदेशाविरुद्ध साठ दिवसांत विद्युत लोकपालाकडे जाता येते. शेजाऱ्यांचे काहीच जळाले नसेल, तर कारण आपल्या घरात शोधावे.

केळी, धंदा आणि घरचा रुग्ण

रावेर-यावलकडील एखाद्या बागायतदाराने केळी पिकवण्याच्या खोलीसाठी हाच बॅकअप वापरला आणि रात्रीत माल गेला, तर तो ग्राहक ठरतो का, हा प्रश्न सोपा नाही. व्यापारी हेतूने वस्तू घेणारा या कायद्याखाली ग्राहक नसतो, पण केवळ स्वयंरोजगारातून स्वतःच्या उपजीविकेसाठी घेणाऱ्याला अपवाद आहे. एका कुटुंबाने स्वतः चालवलेली लहान खोली आणि नोकर ठेवून चालणारा मोठा धंदा यांत आयोग फरक करतो. गाडी घरासाठी घेतली होती आणि खोलीला तिची जोड क्वचितच दिली, हे दाखवता आले तर बाजू बळकट होते. ज्याचा वापर उघड व्यापारी आहे, त्याने दिवाणी न्यायालयाचा विचार करावा. तेथे मुदत सामान्यतः तीन वर्षांची आहे.

नुकसानीच्या रकमेबद्दलही भान ठेवावे. करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७३ प्रमाणे दूरचे, अप्रत्यक्ष नुकसान मिळत नाही, आणि नुकसान कमी करण्यासाठी आपण काय केले हे पाहिले जाते. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असलेला रुग्ण असेल, तर ती गोष्ट खरेदीपूर्वी विक्रेत्याला लेखी कळवलेली असावी. आणि कितीही आश्वासने मिळाली तरी अशा रुग्णासाठी ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर जवळ ठेवावाच.

वकिलाचा खर्च, अपील आणि अंमलबजावणी

महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. धडगाव-अक्कलकुव्याकडील आदिवासी ग्राहकांनी नंदुरबारच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातीच्या दाखल्यासह अर्ज करावा. गाडी घरातील स्त्रीच्या नावावर असेल, तर तक्रारही तिच्याच नावाने करावी, म्हणजे ही सोय लागू होते.

जिल्हा आयोगाच्या आदेशाविरुद्ध पंचेचाळीस दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. पैसे देण्याचा आदेश झालेल्या पक्षाला अपिलापूर्वी निम्मी रक्कम भरावी लागते, त्यामुळे लहान रकमेसाठी कंपन्या अपिलात जाण्याआधी विचार करतात. आदेशाची मुदत उलटूनही पालन झाले नाही, तर त्याच आयोगात कलम ७१ खाली वसुलीची आणि कलम ७२ खाली शिक्षेची दरखास्त करता येते. कलम ७२ प्रमाणे एक महिना ते तीन वर्षे कारावास, किंवा किमान २५ हजार ते एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. दरखास्तीसोबत आदेशाची प्रमाणित प्रत, ती विरुद्ध पक्षाला मिळाल्याचा पुरावा आणि पालनाची मागणी करणाऱ्या पत्राची पोच जोडावी. कंपनीने भाग बदलून दिला असेल पण यंत्रणा चालत नसेल, तर भार लावून घेतलेल्या नव्या चाचणीचा परवानाधारक ठेकेदाराचा अहवालही त्यात असावा.